डिजिटल वर्ग आहे, पण मुलांची समज वाढत नाही. अध्यापनात काय बदल करावा?

प्रश्न (उच्च प्राथमिक शिक्षिका)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. ग्रामस्थांच्या वर्गणीतून आमच्या वर्गात मोठा एलईडी टीव्ही बसला आहे आणि बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर स्कॅन करून मी व्हिडिओ दाखवते. मुले शांतपणे पाहतात, परंतु नंतर विचारले असता त्यांना चित्रे आठवतात, संकल्पना मात्र सांगता येत नाही. इंटरनेट माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालते आणि दुपारी रेंज जाते. मुलांकडे टॅब नाहीत. एवढ्या साधनांत शिकवण्याचा दर्जा कसा वाढवावा, याविषयी अनुभवी शिक्षकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (माध्यमिक विज्ञान शिक्षक)

मॅडम, व्हिडिओ प्रश्नही स्वतःच विचारतो आणि उत्तरही स्वतःच देतो, त्यामुळे मुलांना विचार करण्याची गरजच उरत नाही. म्हणून मी व्हिडिओपेक्षा ज्यात बदल करून पाहता येतो अशा संगणकावरील प्रतिकृती (सिम्युलेशन) अधिक वापरतो. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाच्या अशा अनेक प्रतिकृती विनामूल्य उपलब्ध असून त्यांतील बऱ्याच मराठीतही आहेत. फाईल एकदा घरी उतरवून ठेवली की ती ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालते, त्यामुळे तुमच्या रेंजचा प्रश्नही मिटतो.

आठवीच्या धाराविद्युतचे उदाहरण घ्या. टीव्ही सुरू करण्यापूर्वी फळ्यावर एक सेल आणि एकसरीत (एकामागोमाग एक) जोडलेले दोन सारखे बल्ब काढा आणि कोणता बल्ब जास्त प्रकाश देईल ते प्रत्येकाला वहीत कारणासह लिहायला सांगा. बहुतेक मुले पहिला बल्ब म्हणतात, कारण पहिला बल्ब काही वीज ‘खातो’ आणि उरलेली पुढे जाते असे त्यांना मनापासून वाटत असते. ही समजूत वहीत उतरली की मगच प्रतिकृती उघडा आणि एखाद्या विद्यार्थ्याला परिपथ जोडू द्या. दोन्ही बल्ब सारखेच उजळतात आणि तारेतील इलेक्ट्रॉन दोन्हींच्या अलीकडे-पलीकडे सारख्याच गतीने सरकताना दिसतात. विद्युतधारा वाटेत संपत नाही, हे मुलांना फळ्यावरच्या आकृतीपेक्षा इथे फार लवकर पटते.

त्यानंतर खरे सेल आणि बल्ब अवश्य जोडा. बाजारातले बल्ब तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे प्रकाशात थोडा फरक दिसतो आणि कोणी तरी लगेच ‘पाहा, पहिलाच जास्त लागला’ असे म्हणतो. तेव्हा स्वतः काही न सांगता बल्बांची अदलाबदल करायला सांगावे. जास्त उजळणारा बल्ब दुसऱ्या जागी गेला तरी जास्तच उजळतो आणि फरक जागेचा नसून बल्बचा आहे हे मुलांच्याच तोंडून येते. ही अडचण पडद्यावर येतच नाही, म्हणून माझ्या मते केवळ प्रतिकृतीवर थांबणे योग्य नाही.

उत्तर (गणित शिक्षिका)

सरांशी सहमत आहे. गणितासाठी जिओजेब्रा हे आकृत्या काढून हलवून पाहण्याचे सॉफ्टवेअर वापरा. तेही विनामूल्य आहे. सातवीच्या भौमितिक रचनांमध्ये त्रिकोणाच्या बाजूंचे लंबदुभाजक एकाच बिंदूत मिळतात हे मुले कंपासने काढतातच आणि ते हाताने काढणे सोडू नये. परंतु वहीतला त्रिकोण हलत नाही. जिओजेब्रात एक शिरोबिंदू धरून ओढला की लघुकोन त्रिकोणाच्या आत असलेला तो बिंदू काटकोन होताच कर्णाच्या मध्यावर येतो आणि विशालकोन होताच त्रिकोणाबाहेर पडतो. ओढण्यापूर्वी तो कुठे जाईल याचा अंदाज मुलांकडून घ्यावा. फळा आणि खडू जिथे पुरेसे आहेत, तिथे मी टीव्ही लावत नाही.

उत्तर (निवृत्त केंद्रप्रमुख)

दीक्षावरील साहित्यही ॲपमध्ये आधी डाउनलोड करून ठेवता येते. परंतु तयार साहित्य आपल्याच मुलांसाठी बनलेले नसते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत त्यांनी वापरलेल्या क्यूआर कोडची चर्चा सर्वत्र झाली, पण त्या कामाचे मर्म हे की त्यांनी कविता, गोष्टी आणि स्वाध्याय आपल्या विद्यार्थिनींच्या भाषेचा विचार करून त्या कोडमागे ठेवले. तुम्हीही एखादा अवघड मुद्दा स्वतःच्या आवाजात, गावातली उदाहरणे देऊन, तीन-चार मिनिटांत मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. गैरहजर राहिलेल्या मुलांना त्याचा फार उपयोग होतो, विशेषतः ऊसतोडीच्या काळात स्थलांतर करणाऱ्या मुलांना.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका राहते. अंदाज विचारला की नेहमीची चार-पाच मुलेच हात वर करतात आणि उरलेली त्यांच्याकडे पाहून उत्तर लिहितात. सर्वांचे खरे उत्तर कसे मिळवावे?

उत्तर (माध्यमिक विज्ञान शिक्षक)

त्यासाठी ‘प्लिकर्स’ हे ॲप पाहा. त्यात प्रत्येक मुलाला वेगळ्या नक्षीचे छापील कार्ड मिळते आणि निवडलेल्या पर्यायाची बाजू वर येईल असे ते धरायचे असते. नक्षी प्रत्येकाची निराळी असल्यामुळे शेजाऱ्याचे उत्तर पाहून उतरवता येत नाही. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिले ते फोनवर नोंदले जाते. मुलांकडे एकही उपकरण लागत नाही, मात्र तुमच्या फोनला इंटरनेट हवे. त्यामुळे हा तास सकाळी ठेवा. पर्यायांमध्ये ‘पहिला बल्ब जास्त’ यासारख्या मुलांच्या नेहमीच्या चुकीच्या समजुती मुद्दाम घाला आणि उत्तरे आली की बरोबर पर्याय लगेच न सांगता, वेगवेगळी उत्तरे देणाऱ्या दोन-दोन मुलांना एकमेकांशी बोलू द्या. मग तोच प्रश्न पुन्हा विचारा.