बडोदा स्क्वॉड्रनच्या स्पिटफायरचे १/७ मॉडेल : शेपटीचे वजन आणि रंगकाम

मांडवीकर (प्रश्न)

नमस्कार. आजवर मी विजेच्या मोटारीवर चालणारी साधी ट्रेनर मॉडेल उडवत आलो आहे. लढाऊ विमानाचे प्रमाणबद्ध रेडिओ-नियंत्रित मॉडेल मात्र प्रथमच हाती घेतले आहे. ते दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश स्पिटफायर मार्क ५ चे असून प्रमाण १/७ आहे, म्हणजे पंखांचा विस्तार सुमारे १६० सेंटिमीटर आणि लांबी १३० सेंटिमीटर. बाल्सा (अगदी हलके लाकूड) व प्लायचा सांगाडा उभा राहिला आहे, पंखांवर दीड मिलिमीटर बाल्साचे शीटिंग (पातळ फळ्यांचे आवरण) झाले आहे, आणि धडाचा मागचा अर्धा भाग व शेपटी अजून उघडी आहे.

मला हे विमान बडोदा स्क्वॉड्रनच्या रूपात पूर्ण करायचे आहे. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सची १२४ क्रमांकाची स्क्वॉड्रन मे १९४१ मध्ये स्पिटफायरसह पुन्हा उभी राहिली आणि बडोदे संस्थानाने दिलेल्या देणगीमुळे तिला आपल्या गावाचे नाव मिळाले. प्रतापसिंहराव महाराजांच्या काळातील ही गोष्ट बडोद्यातील फार थोड्या मुलांना ठाऊक आहे, म्हणून हे मॉडेल ओळखता येईल इतके नेमके व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझ्या शंका दोन आहेत. स्पिटफायरचे नाक आखूड असल्यामुळे शेपटी जड होते असे सर्वच जण सांगतात. मग फायबर कापड, प्रायमर आणि रंग चढवल्यावर तोल कसा राखावा? आणि रिव्हेट, पत्र्यांच्या जोडरेषा, रंगाची झीज हे सारे कुठवर दाखवावे?

फत्तेगंज_बाल्सा

नमस्कार मांडवीकर. शेपटी अजून उघडी आहे हे फार चांगले झाले, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथेच आहे.

या प्रमाणात मोटार गुरुत्वमध्याच्या (विमान जिथे तोलले जाते त्या बिंदूच्या) पुढे साधारण ३० सेंटिमीटरवर बसते आणि शेपटी त्याच्या मागे ८० ते ८५ सेंटिमीटरवर असते. त्यामुळे शेपटीत वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमसाठी नाकात जवळपास तीन ग्रॅम शिसे भरावे लागते. बाल्सा निवडताना म्हणूनच वजनकाटा जवळ ठेवावा, सर्वांत हलक्या फळ्या शेपटीसाठी बाजूला काढाव्यात आणि रडर व एलिव्हेटर (शेपटीचे उभे व आडवे हलते भाग) यांचे सर्व्हो, म्हणजे ते हलवणाऱ्या छोट्या मोटारी, शेपटीत न ठेवता पंखाच्या वर, धडात बसवावेत.

आता महत्त्वाचा भाग. मूळ स्पिटफायर मार्क ५ चे रडर आणि एलिव्हेटर धातूच्या पत्र्याने नव्हे, तर कापडाने मढवलेले होते. पुष्कळ जण मॉडेलमध्ये या भागांवरही बाल्सा चढवतात, त्यावर फायबर कापड लावतात आणि मग नाकात शिसे ओततात. आपण तसे करू नये. रडर व एलिव्हेटर यांचा नुसता रिबांचा (पातळ फासळ्यांचा) सांगाडा करून त्यावर इस्त्रीने ताणले जाणारे पातळ पॉलिएस्टर कापड चढवावे. रिबांमध्ये कापड किंचित खोल जाते आणि तिरप्या उजेडात त्या रिबा एकेक दिसू लागतात. मूळ विमानाच्या छायाचित्रांतही तेच दिसते. येथे वजन वाचवणे आणि मूळ विमानाशी प्रामाणिक राहणे ही एकच गोष्ट आहे. हलक्या एलिव्हेटरमुळे वेगात फडफड सुरू होण्याचा धोकाही कमी होतो, हा आणखी एक लाभ.

उरलेल्या पृष्ठभागासाठी प्रति चौरस मीटर २५ ग्रॅमचे फायबर कापड पुरेसे आहे. एवढ्या मॉडेलचे सर्व पृष्ठ पावणेदोन ते दोन चौरस मीटर भरते, म्हणजे कापडाचे वजन ४५-५० ग्रॅम झाले. कापड चिकटवणारे रेझिन जुन्या प्लास्टिक कार्डाने निपटून काढले, तर तेही तेवढ्याच वजनात बसते; ते साचू दिले, तर दुप्पट-तिप्पट होते आणि घासून काढताना धूळ व वैताग तेवढा पदरी पडतो. कापडाची वीण भरण्यासाठी पुन्हा रेझिन न लावता प्रायमर मारावा आणि त्यातला बहुतेक पॉलिशपेपरने पाणी लावून घासून टाकावा. कागदाखाली कापड दिसू लागले की थांबावे. इस्त्रीने चिकटणारी फिल्म वजनात महाग पडत नाही, पण तिची चकाकी लढाऊ विमानावर शोभत नाही आणि उन्हात ती सैल पडते.

तयार मॉडेल साडेतीन किलोच्या आत राहिले, तर पंखाच्या प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ७५ ग्रॅमच्या आसपास भार येतो. एवढ्या भारावर ते उतरताना शांत राहते.

दांडियाबाजार

रंगाविषयी लिहितो. आधी काळ ठरवावा, कारण ऑगस्ट १९४१ मध्ये रॉयल एअर फोर्सने लढाऊ विमानांची रंगसंगती बदलली: वरच्या बाजूचा मातकट तपकिरी जाऊन गडद हिरव्याच्या जोडीला करडा आला आणि पोटाची बाजू फिकट करडी झाली. स्पिनर (पंख्याच्या मध्यावरची टोपी) आणि शेपटीपुढचा पट्टा मात्र ‘स्काय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फिकट हिरवट रंगाचा असे. तो पट्टा मूळ विमानावर १८ इंच रुंद होता, म्हणजे आपल्याकडे साडेसहा सेंटिमीटर. पंखांच्या बाहेरच्या भागाच्या पुढच्या कडेवर पिवळी पट्टी हवी आणि धडावर स्क्वॉड्रनची ‘ओएन’ ही अक्षरे. १९४१-४२ च्या हिवाळ्यात ही स्क्वॉड्रन लंडनजवळच्या बिगिन हिल तळावर होती व मार्क ५ वापरत होती, म्हणून आपल्या मॉडेलला तोच काळ योग्य ठरेल. १९४२ च्या मध्यात तिला उंचावर लढण्यासाठी मार्क ६ मिळाले, पण त्यांच्या पंखांची टोके लांब व अणकुचीदार होती आणि पंखा चार पात्यांचा होता. त्यांची छायाचित्रे पाहून खुणा उतरवल्या, तर घोटाळा होईल.

मूळ विमानाची अचूक छटा मॉडेलवर जशीच्या तशी वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. १/७ प्रमाणातले मॉडेल तीन मीटरवरून पाहणे म्हणजे खरे विमान २१ मीटरवरून पाहणे होय, आणि तेवढ्या अंतरावर हवेमुळे प्रत्येक रंग थोडा फिका होतो. प्रत्येक रंगात थोडा फिकट करडा मिसळावा आणि शेवटचा थर मॅट असावा.

रिव्हेटांबाबतही मूळ विमानच वाट दाखवते. स्पिटफायर बनवणाऱ्या सुपरमरीन कंपनीच्या लोकांनी गुळगुळीत रिव्हेटांच्या विमानावर अर्धे सुके वाटाणे चिकटवून पाहिले आणि उंच डोक्याचे रिव्हेट कुठे चालतील, कुठे वेग खातील, हे तपासले. पंख म्हणूनच गुळगुळीत राहिले आणि धडाच्या मागच्या भागावर गोल डोक्याचे रिव्हेट आले. आपणही पांढऱ्या गोंदाचे बारीक थेंब इंजेक्शनच्या सुईने फक्त तिथेच द्यावेत. १/७ ला त्यांचा व्यास एक मिलिमीटरच्या आत राहायला हवा. मोठे थेंब दिसले की सगळे मॉडेल खेळण्यासारखे वाटते. रंगाचे टवके पंखाच्या मुळाशी, जिथे वैमानिक चढत असे, तिथे थोडे दाखवावेत आणि एक्झॉस्टमागे धुराचा डाग एअरब्रशने हलका द्यावा. इतके पुरे.

गोत्री_ग्लायडर

हवामानाची एक सूचना. बडोद्याच्या पावसाळ्यात डोप (कापड ताणणारे लॅकर) पांढरा पडतो आणि इपॉक्सीवर चिकट थर येतो. तो थर साबणाच्या पाण्याने धुतल्याशिवाय प्रायमर धरत नाही. रंगकाम दिवाळीनंतर घेतले, तर कोरडी हवा मिळेल. मात्र पहिले उड्डाण उत्तरायणाच्या आगेमागे ठेवू नका; सगळे आकाश मांज्याने भरलेले असते. हरणी विमानतळामुळे शहराच्या फार मोठ्या भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही, म्हणून जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा. आपले मॉडेल दोन किलोच्या वर असल्याने ड्रोन नियम, २०२१ ही नीट वाचून घ्या.

मांडवीकर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. एलिव्हेटरवर लावण्यासाठी कापून ठेवलेला बाल्सा आजच बाजूला काढला. एकच विचारायचे राहिले: पंख लंबवर्तुळाकार असताना गुरुत्वमध्य नेमका कुठून मोजावा?

फत्तेगंज_बाल्सा

या पंखाचा मुख्य स्पार (आतला कणा) मुळापासून टोकापर्यंत सरळ आडवा जातो आणि प्रत्येक ठिकाणी पंखाच्या रुंदीच्या साधारण चौथाईवर पडतो. त्यामुळे वेगळी आकडेमोड करावी लागत नाही. पहिल्या उड्डाणासाठी गुरुत्वमध्य बरोबर त्या रेषेवर ठेवावा आणि नंतर मॉडेलचे वागणे पाहून पाच-पाच मिलिमीटरने मागे न्यावा. एकूण १५ मिलिमीटरच्या पलीकडे मात्र जाऊ नये. तोल पाहताना बॅटरी आत असावी, चाके उघडी असावीत आणि रंगाचा शेवटचा थर पूर्ण वाळलेला असावा. मूळ पंखाला मुळापासून टोकापर्यंत सुमारे अडीच अंशांचा पीळ होता. तो आपल्या पंखात उतरला आहे की नाही, हेही फायबर कापड लावण्यापूर्वी मोजून घ्या, कारण एकदा कापड बसले की पंख सरळ करता येत नाही, आणि पीळ नसलेला स्पिटफायर उतरताना टोकाकडून अचानक कोसळतो.