मिरचीचे तेल कडवट का होते

घरी सिचुआन पद्धतीचे मिरचीचे तेल करताना गरम तेल ओतताच मिरचीपूड काळी पडली आणि तेल कडवट झाले, असे आपण पत्रात लिहिले आहे. माझ्या मते दोष मिरचीचा नसून कडकडीत तेल एकदम ओतण्याचा आहे. चीनच्या सिचुआन प्रांतात तेल आधी चांगले तापवून आचेवरून उतरवतात, थोडे निवू देतात आणि मग भरड मिरचीवर दोन-तीन खेपांत ओततात. पहिल्या, साधारण १८० अंश सेल्सिअसच्या तेलाने खमंगपणा येतो, तर नंतरच्या, निवत गेलेल्या तेलात रंग उतरतो. थर्मामीटर नसल्यास मिरचीचा एक तुकडा तेलात टाकून पाहावा: भोवती बारीक बुडबुडे येऊनही तो लाल राहिला तर तेल योग्य आहे, क्षणात तपकिरी झाला तर आणखी थांबावे. हे तेल रात्रभर झाकून ठेवावे, कारण दुसऱ्या दिवशी त्याचा वास आणि रंग दोन्ही खुलतात. रंगासाठी बेडगी उत्तम.

हे तेल ज्यांवर घालतात, त्या सिचुआनमधील चेंगडू शहराच्या झोंग डंपलिंगच्या (मोदकासारख्या सारण भरलेल्या पारीच्या) सारणात भाजी नसते. डुकराच्या खिम्यात आल्याचे आणि सिचुआन मिरीचे पाणी थोडेथोडे घालून तो एकाच दिशेने चिकट होईपर्यंत ढवळतात. वरून गोडसर सोया सॉस, ठेचलेला लसूण आणि हे तेल. सिचुआन मिरी आपल्या तिरफळाच्याच जातकुळीतली असल्यामुळे ती न मिळाल्यास बिया काढलेले तिरफळ जरूर वापरावे. मात्र ते बेताने घालावे.