शाकाहारी स्वयंपाकाला स्लो कुकर घ्यावा का?

ग्लासगोकर

आम्ही दोघं ग्लासगोत, दोघंही शाकाहारी. मी सकाळी सातला घर सोडतो, बायको संध्याकाळी सातच्या ठोक्याला परत येते, बाळ आठ महिन्यांचं. संध्याकाळी ते जेमतेम झोपलेलं असतं तेवढ्यात कुकरची शिट्टी होते आणि दचकून उठतं. मग जेवण दहाला.

ऑफिसात सगळ्यांकडे स्लो कुकर आहे, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, पण त्यांचं सगळं मांसाचं. साडेतीन लिटरचा एक बघून ठेवलाय. उसळी, आमटी, राजमा नीट होतो का त्यात? आई म्हणते, प्रेशर कुकर असताना हे नवीन कशाला. ज्यांनी खरंच वापरलाय त्यांनी सांगा.

सदाशिव_पेठ

आईचं ऐका. भिजवलेली मटकी दोन शिट्ट्यांत होते, तूरडाळ चारांत. त्यासाठी आठ तास वीज जाळायची? शिट्टीचा त्रास असेल तर बिनशिट्टीचा, झडपेचा कुकर मिळतो, तो घ्या. मांस मऊ करायला काढलेलं यंत्र आहे ते, आपल्याला काय उपयोग.

वैलावरचं_मडकं

ग्लासगोकर, घ्या. पण कशासाठी घेताय ते आधी पक्कं करा, नाहीतर हिरमोड होईल. मी लंडनला हॅरोमध्ये राहते, बारा वर्षं वापरतेय, आठवड्यातून तीनदा तरी लागतोच.

आमचं घर वेंगुर्ल्याजवळ. आजीच्या चुलीला मागे वैल होता. सकाळचा स्वयंपाक उरकला की भिजवलेले काळे वाटाणे मडक्यात घालून ती ते वैलावर सरकवून द्यायची. खाली जाळ नाही, नुसती निखाऱ्यांची धग. तिन्हीसांजेला झाकणी काढली की वाटाणा अख्खाच दिसायचा, साल कुठे फाटलेली नाही, आणि दोन बोटांत धरला की आतून लोण्यासारखा. प्रेशर कुकरमध्ये मला हे कधीच साधलं नाही. एक तर मध्ये कणी राहते, नाहीतर वाटाणा फुटून सालं वर तरंगतात. स्लो कुकरमध्ये पहिल्यांदा केले तेव्हा एक वाटाणा दाबून बघितला आणि तिथेच ओट्यापाशी उभी राहून वाटीभर खाल्ले, नुसते, मीठ घालून.

सदाशिव_पेठ, हे यंत्र मांसासाठी निघालं हा समज बरोबर नाही. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सननी 1940 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यांची आई लिथुआनियातली ज्यू. तिच्या गावी शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी घराघरातली चोलंटची भांडी, म्हणजे घेवडा, जव, बटाटा, जमलं तर मांस, गावच्या बेकरीच्या निवत्या भट्टीत रात्रभर ठेवायचे. नॅक्सननी ते यंत्र विकलं तेही 'बीनरी' म्हणून. 'क्रॉक-पॉट' हे नाव 1971 मधलं, कंपनी दुसऱ्यांनी विकत घेतल्यावरचं. म्हणजे मुळात हे कडधान्याचंच भांडं.

विजेचं मात्र तुमचं खरं आहे. 200 वॉटचा कुकर आठ तास चालला तर 1.6 युनिट. प्रेशर कुकरला त्याहून कमी लागते. वीज वाचेल म्हणून घेऊ नका. हे भांडं वाचवतं ते संध्याकाळचं उभं राहणं.

आता राजमा. हे कृपया दोनदा वाचा.

पहिल्याच वर्षी मी राजमा रात्रभर भिजवला आणि सकाळी थेट स्लो कुकरमध्ये घातला, लो वर, म्हणजे सगळ्यात मंद आचेवर. दुपारी शिजल्यासारखा वाटला म्हणून वाटीभर खाल्ला. दोन-अडीच तासांत अशा उलट्या सुरू झाल्या की मला न्हाणीघराच्या फरशीवरून उठवेना. घरात मी आणि सहा वर्षांचा मुलगा. तो पेल्यातून पाणी आणत होता, अर्धं वाटेत सांडत होतं. त्याचा तो चेहरा मी विसरलेली नाही.

कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, लाल राजम्यात सगळ्यात जास्त. खळखळत्या उकळीला ते मरतं. 80 अंशांच्या आसपास नुसतं गरम होत राहिलं तर मरत नाहीच, उलट राजमा कच्च्याहून जास्त बाधतो. आणि स्लो कुकर नेमका तिथेच बराच वेळ रेंगाळतो. 1976 ते 1989 या काळात ब्रिटनमध्ये अशा 50 संशयित घटनांची नोंद झाली होती. चार-पाच कच्चे दाणेही पुरतात. तेव्हा: रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या, नव्या पाण्यात गॅसवर खळखळ उकळा, मगच भांड्यात. इथे दहा मिनिटं सांगतात, अमेरिकेत अर्धा तास. मी अर्धा तास उकळते. काळे वाटाणे, चवळी, सगळ्यांनाच दहा मिनिटं उकळी देते, म्हणजे सवय मोडत नाही.

उकळल्यावर किटलीतलं कढत पाणी, दाण्यांच्या वर दोन बोटं, जास्त नाही, कारण वाफ आतच राहते आणि रस आटत नाही. लो वर आठ तास. मधे झाकण उघडू नका, दर वेळी अर्धा तास वाढतो. टोमॅटो, कोकम, चिंच दाणे शिजेपर्यंत अजिबात नाही, आंबटाने कडधान्य दडदडीत राहतं. आमच्याकडचं पाणी जड, किटलीत पांढरा थर बसतो, म्हणून मी चिमूटभर सोडा घालते. तुमचं लॉक कॅट्रिन तळ्याचं पाणी हलकं, तुम्हाला सोडा लागायचा नाही आणि वेळही कमी लागेल.

वाटण संध्याकाळीच घाला. सकाळपासून शिजलेलं खोबरं विटल्यासारखं लागतं, लवंग तर सगळ्यावर चढून बसते. फोडणी वेगळीच, लोखंडी पळीत, ती या भांड्यात होणार नाही. भेंडी, गवार, दोडका यांचा लगदा होतो. डाळिंब्या घालू नका, बिचाऱ्या विरघळून जातात. भात कुकरमध्येच लावा.

सायीचं_दही

मी न्यू जर्सीत. माझा स्लो कुकर फक्त तुपासाठी आहे. बिनमिठाचं लोणी, लो वर, झाकणाखाली लाकडी उलथनं आडवं ठेवायचं म्हणजे वाफ जाते. बेरी तांबूस झाली की बंद. शेवटचा तासभर मात्र जवळ थांबा. गॅसवर करायचे तेव्हा दर दोनदा एकदा करपायचं.

ग्लासगोकर

तीन आठवडे झाले, सांगायला आलोय. कुकर घेतला. पोलॉकशील्ड्सच्या दुकानात काळे वाटाणे मिळाले नाहीत, काळे चणे आणले. सकाळी दहा मिनिटं उकळून लावले. पहिल्यांदा आठ तास ठेवले तर जास्तच मऊ झाले, आता साडेसहा. टायमर नाही, म्हणून भिंतीतल्या प्लगला वेगळा लावलाय. काल बायको आली तेव्हा फक्त वाटण आणि फोडणी बाकी होती. पावणेआठला जेवलो, बाळ उठलं नाही. आईला फोनवर चण्याचा फोटो पाठवला, ती म्हणाली, याला गूळ घाल थोडा.

वैलावरचं_मडकं, राजमा अर्धा तास उकळूनच करतोय. कुळीथ जमेल का?

वैलावरचं_मडकं

जमेल, छान होतात. नीट निवडून घ्या, कुळथात त्याच रंगाचे खडे असतात. भिजवणं आणि उकळी तीच. पाणी मात्र चार बोटं घाला आणि वरचं कढण गाळून वेगळं ठेवा. त्याला लसणीची फोडणी, दोन आमसुलं, आणि बाळंतिणीला आधी द्या.