‘सेट’ तुम्हाला कुठे कुठे भेटला?

मागच्या आठवड्यात मावशीला फोनवर म्हणाले, “थंडीमुळे दही सेटच होत नाहीये गं.” ती म्हणाली, “होणारच नाही. दही लागतं. सेट बांगड्यांचा असतो.”

मग दिवसभर मोजत बसले. सकाळी गजर सेट केला होता, दुपारी पडद्यांचा सेट धुवायला टाकला, संध्याकाळी सेट टॉप बॉक्स रुसला आणि रात्री नवरा म्हणाला, “भाचा कॅनडात मस्त सेट झालाय.” ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या नुसत्या क्रियापदाचे 430 अर्थ आहेत. पण आपल्याकडे येऊन त्याने जे उद्योग केलेत, ते त्या कोशवाल्यांना कुठून कळणार? तुमच्या कामात, घरात, गावात हा शब्द कसा भेटला ते लिहा. फजिती झाली असेल तर ती आधी.

बांधकामावरून, पुणे

आमच्याकडे हा शब्द घड्याळ लावून वापरतात. साध्या सिमेंटचा पहिला सेट 30 मिनिटांच्या आत होता कामा नये आणि शेवटचा 600 मिनिटांच्या पुढे जाता कामा नये, असं मानक आहे. सिमेंटमध्ये जिप्सम असतं ते त्यासाठीच, नाहीतर पाणी पडल्या पडल्या ते आखडलं असतं.

नोकरीचं पहिलं वर्ष, एप्रिलची दुपार, स्लॅबचा दिवस. काँक्रीटची गाडी वाहतुकीत अडकली आणि खूप उशिरा आली. माल घट्ट होत चालला म्हणून ड्रायव्हरने वरून पाणी मारलं. मी बघितलं आणि गप्प बसलो. पोरगेलाच होतो, गाडी परत पाठवायची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी स्लॅब छान सेट झालेला, वरून चालून बघितलं, खूश झालो. 28 दिवसांनी त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे दाबून बघितले तेव्हा ताकद कमी भरली. त्यानंतरचे दोन महिने मी काय ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरमालक मंडळी अजून विचारतात, “सेट झालंय ना, मग सेंट्रिंग काढा की!” सेंट्रिंग म्हणजे खालचा फळ्या-टेकूंचा आधार, त्याचा सेटिंगशी काही संबंध नाही. पण कानाला सारखं लागतं, त्यामुळे दोन्ही एकच वाटतं लोकांना.

वॉर्डातली सिस्टर, नाशिक

सलाईनची नळी म्हणजे आमचा सेट. साध्याचे 20 थेंब म्हणजे एक मिली, लहान मुलांसाठी वापरतो त्या मायक्रोचे 60. एकदा एका आजोबांना म्हटलं, “खालून एक सेट आणा.” अर्ध्या तासाने हात हलवत परत. मेडिकलवाल्याने विचारलं कसला सेट, यांना सांगता येईना, मागे रांग ओरडायला लागली. मला म्हणाले, “बाई, नळी म्हणायचं ना सरळ!” तेव्हापासून नातेवाइकांना मी नळीच म्हणते. चिठ्ठीवर मात्र सेट.

पडद्यामागून, सध्या मुंबई

आमच्याकडे नाटक ‘बसतं’ आणि सेट ‘लागतो’. नाटक एकदा बसलं की बसलं, सेट मात्र रोज लावायचा आणि रोज काढायचा. दौऱ्यावर सेट आधी गाडीत चढतो, मग माणसं. उतरताना उलटं म्हणावं तर तसंही नाही, तिथेही आधी सेटच. मी वीस वर्षं हे काम केलं. घरी कुणी विचारलं काय करतोस, तर “सेट लावतो”. भाच्याच्या सासरच्यांना वाटलं टीव्ही दुरुस्त करतो. एका पाहुण्याने लग्नाच्या मांडवातच रिमोट आणून दिला.

कोकणात एका गावी रंगमंच इतका अरुंद निघाला की आमच्या दिवाणखान्याची एक भिंत मावेना. दरवाजा असलेली भिंत विंगेत गेली. सगळी पात्रं त्या रात्री खिडकीच्या बाजूने आली-गेली. प्रेक्षकांतून एकानेही तक्रार केली नाही, उलट एक जण म्हणाला, घर अगदी आमच्यासारखं वाटलं.

बंगळूरवासी मराठी

फक्त एवढंच : इथे सेट डोसा मागितलात तर एक डोसा येत नाही. जाडसर, मऊ, छोटे दोन-तीन एकावर एक येतात. मी पहिल्या दिवशी तीन सेट मागवले होते.

लेकाची आई, लंडन

इकडच्या शाळांत बऱ्याच ठिकाणी गणितासाठी मुलांचे कुवतीप्रमाणे गट करतात, त्यांना सेट म्हणतात. पालकसभेत बाई म्हणाल्या, तुमचा मुलगा सेट थ्रीमध्ये आहे. मला वाटलं तिसरी चाचणी चालू आहे, म्हटलं वा. घरी येऊन आईला फोनवर सांगितलं, “तिसऱ्या सेटमध्ये आहे.” आई टेनिसवेडी. तिने विचारलं, “कुणाविरुद्ध? पहिले दोन कुणी घेतले?” आम्ही दोघी हसलो. मग शेजारणीने समजावून सांगितलं की वरून पहिला, म्हणजे तिसरा बऱ्यापैकी खालचा. आईला ते अजून सांगितलेलं नाही. तिच्या लेखी नातू सामना खेळतोय.

गणिताचा मास्तर, सातारा जिल्हा

नववीच्या गणित भाग 1 मध्ये पहिलंच प्रकरण संच. फळ्यावर लिहिलं की संचात तोच घटक दोनदा लिहीत नाहीत आणि क्रमाला महत्त्व नाही. मागच्या बाकावरून प्रश्न : “सर, आमच्याकडं सहा कपांचा सेट हाय, सगळे सारखेच. मग एकच कप लिहायचा का?” मी म्हटलं, कप दिसायला सारखे असले तरी सहा वेगळे आहेत. “मग त्यांना नावं द्या.” दिली. क1 ते क6. त्या पोराच्या घरी चहाला गेलो तेव्हा त्याने कप पुढे करून सांगितलं, “सर, क4.” त्याचा कान तुटलेला होता.

शब्दांच्या नादी लागलेला, कोल्हापूर

मास्तरांचा सेट आणि सिमेंटवाल्यांचा सेट मुळात एक नाहीतच. ठेवणे, बसवणे या अर्थाचा सेट जुन्या इंग्रजीतला अस्सल घरचा. समूह या अर्थाचा फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायी, पंथ. दोघे एकाच पोशाखात फिरायला लागले आणि पुढे कुणी वेगळं ओळखेना. आणि मावशींना माझा पाठिंबा. इंग्रजी जिथे सेट म्हणतं तिथे आपल्याकडे बसणं, लागणं, जुळणं आहे : हाड बसवतात, गणपती बसवतात, घडी बसते, विरजण लागतं, छापखान्यात अक्षरं जुळवायचे. ‘बसणे’चे अर्थ मोजायला कुणी बसलं तर 430 वर थांबेल असं वाटत नाही.

नातू, लातूर

आजोबा तहसिलाच्या आवारात अर्ज लिहून द्यायचे, त्यामुळे आजीला ‘सेटिंग’चा एकच अर्थ ठाऊक. फोनचा आवाज वाढवून द्यायला मी म्हटलं, “आजी, आधी सेटिंगमध्ये जावं लागेल.” आजी म्हणाली, “आवाजाला बी? किती मागतात?”

सेट झालेला, सावंतवाडी

माझा सेट वेगळाच. प्राध्यापकीसाठीची राज्य पात्रता परीक्षा, महाराष्ट्र आणि गोवा दोन्हींसाठी पुणे विद्यापीठ घेतं. दोन पेपर, 150 प्रश्न, 300 गुण. तिसऱ्या खेपेला निघालो. घरी पेढे वाटले. आई सगळ्यांना सांगत सुटली, “मुलगा सेट झाला.” ऐकणाऱ्यांनी त्याचा आपला अर्थ घेतला. महिन्याभरात दोन स्थळं आली. एक गृहस्थ पणजीहून गाडी करून आले होते. चहा झाला, विचारलं, “पर्मनंट ना?” म्हटलं, तासिका तत्त्वावर आहे, जेवढे तास घेतले तेवढे पैसे. सुट्टीत? सुट्टीत काही नाही. ते थोडा वेळ कप हातात घेऊन बसले. मग म्हणाले, “पण सेट झालात असं कळलं होतं.” झालोय हो, प्रमाणपत्र आहे. दाखवलंही. त्यांनी दोन्ही बाजूंनी नीट बघितलं आणि परत दिलं.

आई आता ‘सेट परीक्षा’ असा पूर्ण शब्द वापरते.

धागाकर्ती

सगळं मावशीला वाचून दाखवलं. क4 ला हसली, सावंतवाडीच्या वेळी “अगं बाई” म्हणाली. मग मुद्द्यावर आली : दूध कोमट घे, विरजण तळाला फासून घे, पातेलं कणकेच्या डब्यात खुपसून ठेव आणि सकाळपर्यंत उघडून बघू नकोस. मी रात्री दोनदा उघडलं. तरी लागलं.