चोडणच्या खाजनावरचे माझे अकरा लेख साइटवरून काढले, परत कसे मिळवू?

चोडणची_लेक

नमस्कार. मी चोडण बेटावरची, नोकरी पणजीत. रोज रायबंदरची फेरीबोट. 2019 पासून एका मराठी लेखन संकेतस्थळावर लिहीत आले, एकूण चौदा लेख. गेल्या आठवड्यात उघडून पाहिलं तर अकरा नाहीत. जागेवर एकच ओळ : "मजकूर अन्यत्र आढळल्याने काढला आहे." मेल केला, उत्तरात तीच ओळ आली.

लेख खाजनशेतीवरचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत बांध घालून करतात त्या शेतीवरचे, बाबांनी सांगितलेले. बांध कसा घालतात, मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, लाकडी दार भरतीच्या रेट्याने आपसूक कसं मिटतं आणि ओहोटीला आतल्या पाण्याने कसं उघडतं, कोरगूट हा भात खारेपणा सोसतो तो किती. फेरीत उभ्या उभ्या फोनवर थेट साइटच्याच चौकटीत टाइप करायचे, वेगळी प्रत कधी ठेवली नाही. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. मानशीवरच्या लेखात त्यांचा तिथीवार हिशेब होता, कुठल्या तिथीला दार किती उचलायचं त्याचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं मला आठवतं, मधल्या तिथ्यांचं नाही. जीव तुटतोय तो त्यासाठी.

तीन लेख आधी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत आले होते, मानशीचा त्यातलाच. सगळेच लेख मी नातेवाइकांच्या ग्रुपवर पूर्ण टाकायचे. तो फोन पाण्यात गेला, बॅकअप नव्हता. ग्रुपमधून कुणीतरी पाच लेख उचलून स्वतःच्या ब्लॉगवर चिकटवलेत, माझं नाव न घालता. त्याला आधी लिहू का? आणि लेख मिळाले तरी पुन्हा पाठवले की पुन्हा काढतील ना?

फोंड्याचा_वाचक

ताई, त्या ब्लॉगवाल्याला आज एक अक्षरही लिहू नका. आधी पाचही लेख तिथून कॉपी करून घ्या, तारखेसकट स्क्रीनशॉट काढा. तो घाबरून पान उडवील आणि तुमची प्रत त्याच्याबरोबर जाईल.

मग वेबॅक मशीन. इंटरनेट आर्काइव्ह 1996 पासून जगभरची पानं साठवतंय, ती या साइटवर बघता येतात. गूगलच्या कॅशेवर, म्हणजे त्याने साठवलेल्या पानांच्या प्रतींवर, विसंबू नका, ती सोय 2024 मध्ये बंद झाली. तुम्हाला लेखाचा जुना पत्ता लागेल. "तुमच्या लेखावर प्रतिक्रिया आली" असे मेल येत असतील, त्यात तो असतो. मराठी शीर्षकाचा पत्ता टक्क्याच्या चिन्हांची लांबच लांब माळ होतो. ती तोडू नका, शेवटपर्यंत जशीच्या तशी डकवा. माझा एक लेख मी महिनाभर "नाही मिळाला" म्हणून सोडून दिला होता, पत्ता अर्धवट कॉपी झाला होता एवढंच. पत्ता नसेलच तर साइटवरच्या तुमच्या लेखक-पानाचा पत्ता टाका आणि शेवटी तारांकन (*) द्या, त्याखाली साठवलेली सगळी पानं दिसतात.

ग्रुपमधल्या बाकीच्यांचे फोन तर पाण्यात गेले नाहीत ना? एकेकाला फोन करा.

माशेलकर_मास्तर

बाय, पुन्हा पाठवण्याबद्दल मी सांगतो, माझे चिखलकाल्यावरचे, आमच्या चिखलात खेळायच्या उत्सवावरचे, दोन लेख असेच गेले होते.

मेल करताना दोन मागण्या एकत्र करू नकोस. "लेख परत लावा" म्हटलं की वाद सुरू होतो. "माझा मजकूर मला पाठवा" म्हटलं की तो साधा अर्ज असतो. काढलेला लेख बहुतेक वेळा नुसता लपवलेला असतो, पुसलेला नसतो. मला माझे दोन्ही असेच मिळाले. साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव शोध, 2021 च्या आयटी नियमांनुसार ते द्यावंच लागतं.

हक्काचं म्हणशील तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यात लेखाचा पहिला मालक लेखक. तू त्या दैनिकात नोकरीला नव्हतीस आणि हक्क लिहून दिले नसशील, तर छापून आला म्हणून लेख त्यांचा होत नाही. हक्काचं हस्तांतर लेखीच लागतं. तेव्हा लेखाच्या माथ्यावर सरळ लिही : प्रथम प्रसिद्धी अमुक पुरवणी, अमुक तारीख. कात्रणाचा फोटो जोड. चोरलेल्या पाचांसाठी वेबॅकवरची जुनी तारीख दाखव.

एक मात्र करू नकोस. पुष्कळजण सांगतील, चार शब्द फिरव म्हणजे नक्कल शोधणाऱ्या यंत्राला कळणार नाही. वडिलांनी मानस म्हटलं असेल तर मानसच राहू दे. साइटच्या यंत्रासाठी त्यांची भाषा बदलायची नाही.

कात्रण नसेल तर पणजीत पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात जा, दैनिकांच्या जुन्या फायली बघायला मिळतात. महिना तरी ठरवून जा, नाहीतर दिवस जाईल.

चोडणची_लेक

दोघांचेही मनापासून आभार. मास्तर, तुमचा मेलचा सल्ला तंतोतंत पाळला. अजून उत्तर नाही, पण बरंच हाती आलंय.

ब्लॉगवरून पाच उतरवले. वेबॅकवर तीन पूर्ण सापडले, त्यातले दोन त्या पाचांतलेच, त्यामुळे तारखेचा पुरावाही झाला. एकाचा फक्त पहिला परिच्छेद आहे, "पुढे वाचा"पर्यंत.

शनिवारी पाटोवर गेले. पुरवणीतले तिन्ही मिळाले, मानशीचाही. तिथेच उभ्याने वाचला आणि डोळ्यांत पाणी आलं, कारण तिथ्यांचा भाग संपादकांनी जागेसाठी कापला होता. छापून आला तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मग माशेलच्या मावशीला फोन केला. ती म्हणाली, "तुझ्या बाबांचं काहीच मी पुसलेलं नाही गो." चष्मा लावून तासभर वर वर सरकवत गेली आणि रात्री साडेदहाला पूर्ण लेख आला. प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत सगळ्या ओळी आहेत.

अकरापैकी नऊ पूर्ण झाले. प्रत्येकाची प्रत मेलवर आणि एक छापून कपाटात ठेवली. ब्लॉगवाल्याला काल लिहिलं. बांधावरचा लेख आधी पाठवलाय, तो टिकला की पुढचे. मानशीचा शेवटी, कारण अष्टमीच्या ओळीत माझाच टायपिंगचा घोळ वाटतोय, दार चार बोटं की चार विती ते कळत नाही. शेजारचे काका रविवारी ओहोटीला मानशीवर नेणार आहेत, ते दार उचलून दाखवतील.