मदत हवी आहे: आईचा आयएनआर वर येईना, इंजेक्शन बंद करून नवीन गोळी सुरू करू का?

घाटावरचा:
आईच्या डाव्या पायात डीव्हीटी निघालं, म्हणजे आतल्या शिरेत रक्ताची गुठळी, मांडीपर्यंत आहे. १३ दिवस झाले. रक्त पातळ ठेवायला पोटावर रोज दोन इंजेक्शनं आणि ॲसिट्रॉमची गोळी. गोळी २ ची ३ केली, ३ ची ४ केली, आयएनआर (गोळीने रक्त किती पातळ झालं त्याचा आकडा) १.३ वरून हलत नाही. डॉक्टर म्हणतात, २ च्या वर जाईपर्यंत इंजेक्शन चालूच. पोटावर टोचायला जागा राहिली नाही, नुसते काळेनिळे डाग. मी पुण्यात, आई गावी. धाकटा भाऊ टोचतो आणि रोज फोनवर वैतागतो. शेजारच्या काकांना रिव्हारोक्साबॅन दिलंय, रक्त पातळ करायची नवीन गोळी, त्याला आयएनआरची कटकट नाही. तेच सुरू केलं तर? मध्ये लघवी केशरी दिसली म्हणून घाबरून तपासून घेतली, रक्त नाही म्हणाले. लवकर सांगा, उद्या सकाळी औषधं आणायची आहेत.

निवांत७६:
वय किती? ऑपरेशन, प्लास्टर, लांबचा प्रवास, काय झालं होतं? बाकी औषधं कुठली?

घाटावरचा:
५८. ऑपरेशन वगैरे काही नाही. बीपी-शुगर नाही. मूळ प्रश्नाचं कुणी सांगा ना.

मेथीचा_मळा:
पालेभाजी! व्हिटॅमिन के या गोळीच्या उलट काम करतं. सासऱ्यांचं हिरवं सगळं बंद केलं, कोथिंबीरसुद्धा. आयएनआर सरळ झाला.

पुणेरी_काका:
बंद कशाला? रोज सारखीच खावी. माझी ॲसिट्रॉम ६ वर्षं चालू आहे आणि दुपारी वाटीभर पालेभाजी असतेच. आठवडाभर काही नाही आणि रविवारी परातभर मेथी, असं केलं की गडबड होते.

मेथीचा_मळा:
प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं काका.

पुणेरी_काका:
शरीर वेगळं, मेथी तीच.

गावठी_इलाज:
कोमट तिळाच्या तेलाने खालून वर मालिश करा. आमच्याकडे तीन जणांची सूज उतरली.

निवांत७६:
कृपा करून मालिश नको! गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर इथे विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

चष्मिष:
अवांतर: ॲसिट्रॉमची बहीण वॉरफरिन. सडलेलं गवत खाऊन अमेरिकेत गुरं रक्तस्रावाने मरत होती, त्यातून हा शोध लागला. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला बाजारात आलं, माणसांना नंतर.

घाटावरचा:
आईला हे सांगितलं तर गोळीच घेणार नाही ती.

परदेशवारी:
मला मार्चमध्ये मुलीकडे जायचंय, १६ तासांचा प्रवास. घट्ट मोजे गुडघ्यापर्यंतचे घेऊ की मांडीपर्यंतचे?

सिस्टर_माई:
मोज्यांचा वेगळा धागा काढा. घाटावरचा, लघवी केशरी आणि रक्त नाही. आईंना टीबीच्या गोळ्या चालू आहेत का?

घाटावरचा:
हो. मानेतल्या गाठींचा टीबी, पाचवा आठवडा. पण ते सरकारी दवाखान्यातून, फाईल वेगळी. गावात कळायला नको म्हणून आईने पायाच्या डॉक्टरांना सांगू दिलं नाही. भाऊ शेजारी बसलेला, तोही गप्प. पण त्याचा पायाशी काय संबंध?

सिस्टर_माई:
त्यात रिफाम्पिसिन असतं, लघवी त्यानेच केशरी होते. त्याने यकृत ॲसिट्रॉमचा इतक्या झपाट्याने फडशा पाडतं की डोस वाढवूनही आयएनआर हलत नाही. शेजारच्या काकांची रिव्हारोक्साबॅनही यकृत तशीच संपवतं, शिवाय तिथे आयएनआर नसल्यामुळे कमी पडतेय हे कळणारही नाही. ती मनाने मुळीच सुरू करू नका. सध्या पायाची राखण ते इंजेक्शनच करतंय. टीबीची गोळीही एक दिवस चुकवू नका. खुद्द टीबीनेही गुठळीचा धोका वाढतो, तेव्हा डॉक्टरांना हे कळायलाच हवं. उद्या दोन्ही फायली एकाच टेबलावर ठेवा. इंजेक्शनच पुढे न्यायचं की गोळी आणखी वाढवायची, ते ठरवतील. आणि टीबीचा कोर्स संपला की उलटं होतं, वाढवलेली गोळी जास्त पडून रक्तस्राव होऊ शकतो. ती तारीख आत्ताच फायलीवर लिहून घ्या.

मेथीचा_मळा:
तरीपण मेथी नकोच.

घाटावरचा:
भावाशी बोललो. उद्या दोन्ही फायली घेऊन जातोय. आई विचारतेय, तिथे गावातलं कुणी कामाला नाही ना. माई, सकाळचं इंजेक्शन द्यायचं ना?

सिस्टर_माई:
द्यायचंच. बेंबीपासून चार बोटं सोडून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. टोचल्यावर भाऊ चोळतो का?

घाटावरचा:
हो, आई दुखतंय म्हणते म्हणून बराच वेळ चोळतो.

सिस्टर_माई:
त्यानेच डाग वाढतात. नुसता कापूस दाबून धरायला सांगा.