नेवार्कचं नळाचं पाणी आता ठीक आहे का?

प्रश्न: न्यू जर्सीत नेवार्कला जुनं घर बघतोय, मुलगी दीड वर्षाची, बायको म्हणते तिथल्या पाण्यात शिसं होतं, उकळून प्यायलं तर चालेल ना?

– नाही हो! उकळून शिसं जात नाही, पाणी आटून प्रमाण उलट वाढतं.

– दादा, मी तिथेच राहते. २०१९ ला बाटल्यांसाठी उन्हात रांगा लागलेल्या, पण नंतर सिटीने घरमालकाच्या परवानगीसाठी न थांबता सुमारे २३,००० शिशाचे पाइप फुकटात बदलून तांब्याचे टाकले, तेही तीनेक वर्षांत, हे मानलंच पाहिजे.

– तरी तळघरात येणारा पाइप किल्लीने खरवडून बघा, मऊ लागला आणि चंदेरी चमकला तर शिसंच. घरातल्या जुन्या नळांत, जोडांतही असतं, टेस्ट कराच, आणि बाळाच्या दुधाला गार नळाचंच पाणी, फिल्टर लावून.